धूर, उजेड आणि फ्रेमरेट : वाचकांचे प्रश्न

या अंकात गेममधली प्रकाशयोजना आणि व्हिज्युअल इफेक्ट्स. बऱ्याच पत्रांत दुखणं एकच होतं. तिथे लक्षणं ज्यात सर्वांत नेमकी दिली आहेत, ते पत्र निवडलं आहे.

ब्लेंडरमध्ये मॉडेलिंग बऱ्यापैकी जमतं. आता लाइटिंग आणि इफेक्ट्स शिकायचे आहेत. व्हिडिओ कोर्स खूप पाहून झाले, पण रिकामा सीन उघडला की हात चालत नाही. शिकायचं तरी कशावरून?

तयार प्रकल्प उघडून त्याचे सांधे सुटे करण्यावरून. गेम बनवण्याच्या मोठ्या सॉफ्टवेअरांचे, म्हणजे इंजिनांचे, अधिकृत नमुने फुकट मिळतात : अनरियलचा ‘कंटेंट एक्झाम्पल्स’ प्रकल्प, युनिटीच्या व्हीएफएक्स ग्राफ पॅकेजसोबतचे नमुने, गोडोचे डेमो प्रकल्प. त्यातला एकच इफेक्ट घ्या. एकेक एमिटर (कण सोडणारा भाग) बंद करा आणि काय गेलं ते वहीत लिहा. मग मटेरियल (पृष्ठभाग कसा दिसेल ते ठरवणारी मांडणी) उघडून कोणतं टेक्स्चर (पृष्ठभागावर लावलेलं चित्र) कुठे जोडलंय ते पाहा. शेवटी कोऱ्या फाइलमध्ये तोच इफेक्ट मूळ न बघता उभा करा. जिथे अडाल तेवढ्यापुरतंच डॉक्युमेंटेशन वाचा. दहा तासांच्या कोर्सपेक्षा अशी एक संध्याकाळ जास्त शिकवते.

लाइटिंगसाठी सराव सांगतो. ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच अशी खोली करा, खिडकी एकच. सगळ्या पृष्ठभागांना एकच राखाडी मटेरियल द्या : लिनिअर किंमत ०.१८, म्हणजे एसआरजीबी कलर पिकरमध्ये साधारण ११८. मध्ये दोन गोळे ठेवा, एक त्याच राखाडीचा आणि एक आरशासारखा क्रोमचा. राखाडी गोळ्यावर प्रकाशाची दिशा आणि सावलीचा मऊपणा कळतो; क्रोमच्या गोळ्यात प्रकाश कुठून कुठून येतोय ते थेट दिसतं. आता खिडकीतून उजेड येणाऱ्या खऱ्या खोलीचा एक फोटो शेजारी लावा आणि त्याच्याशी जुळवत जा. सुरुवातीला फक्त सूर्य आणि आकाश. अंधाऱ्या कोपऱ्यात लगेच पॉइंट लाइट टाकायचा मोह होईल, तो आवरा. फोटो आणि स्क्रीनशॉट दोन्ही कृष्णधवल करून, डोळे किलकिले करून बघा. काळ्या-पांढऱ्याचं वजन जुळत नसेल तर रंगावर घातलेला वेळ वाया जातो.

हे जमलं की तीच खोली चार वेळा करा : भर दुपार, ढगाळ दिवस, दिवा लावलेली तिन्हीसांज आणि रात्र. पिवळा बल्ब २७०० केल्विनच्या आसपास ठेवा, दिवसाचा उजेड ५५०० ते ६५००. भिंतीचा रंग मात्र चारही वेळा तोच. लाइटिंग जमत नाही म्हणून टेक्स्चर उजळ करणं हा या कामातला सर्वांत महाग शॉर्टकट, कारण पुढच्या प्रत्येक सीनमध्ये ते टेक्स्चर चुकीचंच वागतं.

कोणताही धडा सुरू करण्याआधी तो कोणत्या आवृत्तीचा आहे ते पाहा. अनरियलमधली कणांची जुनी प्रणाली ‘कॅस्केड’ शिकवणारा धडा आज इतिहास म्हणूनच बघावा; त्याची जागा नायगाराने घेतली आहे. ल्युमेन (गेम चालू असतानाच परावर्तित उजेड मोजणारी सोय) २०२२ साली अनरियल ५ बरोबर आलं, त्यामुळे त्याआधीच्या धड्यांत सगळा भर बेकिंगवर, म्हणजे उजेड आधीच मोजून साठवण्यावर, दिसेल. युनिटीत जुन्या पाइपलाइनचं मटेरियल यूआरपी (युनिटीची नवी रेंडर पाइपलाइन) प्रकल्पात आणलं की सगळं भडक गुलाबी होतं. तिथे तुमचं काही चुकलेलं नसतं, शेडर (पिक्सेलचा रंग काढणारा छोटा प्रोग्राम) त्या पाइपलाइनचा नसतो एवढंच.

गणित किती लागतं, असंही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. डॉट प्रॉडक्ट, लर्प (दोन किमतींमधली किंमत काढणं), साइन, नॉइज आणि यूव्ही (टेक्स्चर मॉडेलवर कुठे बसेल ते सांगणारे निर्देशांक) सरकवणं एवढ्यावर पहिलं वर्ष आरामात निघतं. हुडिनी या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरची शिकण्यासाठीची आवृत्ती फुकट आहे, तरी सुरुवातीलाच तिकडे वळू नका. धुराचं फ्लिपबुक (एकाच टेक्स्चरमध्ये ओळीने मांडलेली अ‍ॅनिमेशनची चित्रं) ब्लेंडरमध्येही करता येतं, आणि अडचण बहुधा सिम्युलेशनमध्ये नसून ते इंजिनमध्ये बसवण्यात असते.

लाइट बेक केल्यावर भिंतींवर काळे डाग येतात. दोन भिंतींच्या सांध्यावर रेघ दिसते आणि कोपऱ्यात बाहेरचा उजेड झिरपतो. क्वालिटी वाढवून पाहिली. वेळ तिप्पट लागला, डाग तिथेच.

ही तीन वेगळी दुखणी आहेत, आणि क्वालिटीचा आकडा यांतल्या एकावरही उपाय नाही. प्रकाशकिरणांच्या नमुन्यांची संख्या वाढवली की दाणेदारपणा कमी होतो, चुकीचा यूव्ही सुधारत नाही.

काळे डाग आधी घेऊ. लाइटमॅपसाठी, म्हणजे बेक केलेला उजेड साठवणाऱ्या टेक्स्चरसाठी, मॉडेलला दुसरा यूव्ही संच लागतो, आणि त्यात कोणताही तुकडा दुसऱ्यावर चढता कामा नये. टेक्स्चरच्या यूव्हीमध्ये दोन भिंती एकाच जागी ठेवल्या तरी चालतं, विटा दोन्हीकडे सारख्याच दिसतात. लाइटमॅपमध्ये तसं केलंत तर उन्हातल्या भिंतीवर सावलीतल्या भिंतीचा अंधार छापला जातो. युनिटीत सीन व्ह्यूच्या ‘यूव्ही ओव्हरलॅप’ मोडमध्ये असे भाग लाल दिसतात; मॉडेलच्या इम्पोर्ट सेटिंगमध्ये ‘जनरेट लाइटमॅप यूव्हीज’ लावलं की बहुतेक वेळा सुटका होते. अनरियल बेक झाल्यावर ओव्हरलॅपची सूचना देतं. ती पिवळी ओळ न वाचता खिडकी बंद करायची सवय अनेकांना असते, तुम्हाला नसावी.

सांध्यावरची रेघ यूव्हीच्या तुकड्यांमधल्या अंतरामुळे येते. अंतर टेक्सेलमध्ये, म्हणजे टेक्स्चरच्या ठिपक्यांत, मोजायचं. ६४×६४ टेक्सेलच्या लाइटमॅपमध्ये दोन टेक्सेलचं अंतर म्हणजे यूव्ही जागेच्या ३ टक्क्यांहून थोडं जास्त. त्याहून कमी ठेवलंत तर शेजारच्या तुकड्याचा रंग फिल्टरिंगमध्ये आत ओढला जातो. कॉम्प्रेशन ४×४ च्या ठोकळ्यांत चालतं, म्हणून चार टेक्सेल ठेवलेले बरे. मॉड्युलर भिंतींचं आणखी एक : प्रत्येक तुकडा स्वतंत्र बेक होतो, त्यामुळे एका सपाट भिंतीचे चार तुकडे चार किंचित वेगळ्या छटा घेऊन येतात. बेक करायचंच असेल तर सपाट, सलग भिंत एकाच मेशमध्ये (मॉडेलच्या जाळीत) जोडा.

रेझोल्यूशनचा हिशेबही करून बघा. ४ मीटरच्या भिंतीला ६४ चा लाइटमॅप दिला तर मीटरला १६ टेक्सेल, म्हणजे एक टेक्सेल सव्वासहा सेंटीमीटरचा. खिडकीचा गज ३ सेंटीमीटरचा असेल तर त्याची सावली त्यात मावणारच नाही, ती डागासारखी पसरेल. सगळीकडे रेझोल्यूशन वाढवू नका. जिथे सावलीची कड पडते तेवढ्याच मेशचं वाढवा. अनरियलच्या ‘लाइटमॅप डेन्सिटी’ दृश्यात निळं म्हणजे कमी, हिरवं म्हणजे ठीक, लाल म्हणजे उधळपट्टी.

झिरपणारा उजेड जाडी नसलेल्या भिंतीमुळे येतो. जमिनीचा किंवा छताचा एकच टेक्सेल अर्धा आत, अर्धा बाहेर असतो आणि बाहेरचं ऊन सोबत घेऊन येतो. भिंतीला खरी जाडी द्या, जमीन भिंतीखाली थोडी आत सरकवा, आणि खोलीच्या जमिनीचा मेश भिंतीच्या मधोमध संपवा. तरीही हटलं नाही, तर बाहेरून सावली पाडणारा एक जाड ठोकळा लावा. व्यावसायिक कामातही हा ठोकळा सर्रास असतो, त्यात कमीपणा नाही.

अनरियलमध्ये स्टेशनरी लाइट (जागा न बदलणारा, पण तेज-रंग बदलू शकणारा दिवा) वापरत असाल तर एक मर्यादा पाठ ठेवा : एका ठिकाणी चारच स्टेशनरी लाइट एकमेकांवर येऊ शकतात, कारण त्यांच्या सावल्या एका टेक्स्चरच्या चार चॅनेलमध्ये साठवतात. पाचव्याच्या चिन्हावर लाल फुली येते आणि त्याची सावली डायनॅमिक होऊन महाग पडते. बहुतेक वेळा त्रिज्या कमी केल्यावर फुली जाते.

मग बेकिंगच्या भानगडीत पडायचंच कशाला? ल्युमेन आहे ना. माझ्या कार्डात रे ट्रेसिंग नाही, तरी चालेल का?

शिकायला चालेल. ल्युमेनमध्ये सॉफ्टवेअर ट्रेसिंगचा पर्याय आहे, तो मेशच्या डिस्टन्स फील्डवर (पृष्ठभाग किती दूर आहे याच्या नोंदीवर) चालतो आणि त्याला रे ट्रेसिंगचं हार्डवेअर लागत नाही. आरशासारखी प्रतिबिंबं त्यात ढोबळ येतात.

पण वर दिलेला भिंती जोडण्याचा सल्ला इथे नेमका उलटा होतो. ल्युमेनला भिंत, जमीन, छत वेगवेगळ्या मेशमध्ये हवं असतं. आख्खी खोली एकच मेश असेल तर तिच्या आतल्या पृष्ठभागांची नोंद त्याला नीट घेता येत नाही आणि आत काळं पडतं. भिंत १० सेंटीमीटरपेक्षा पातळ ठेवलीत तर उजेड झिरपतो. स्वतः उजळणाऱ्या मटेरियलच्या अगदी बारीक पण प्रखर पट्टीने खोली उजळवायला गेलात तर भिंतींवर मुंग्या धावल्यासारखे ठिपके दिसतात. तिथे पट्टी दिसण्यापुरती ठेवा आणि उजेडासाठी जोडीला रेक्ट लाइट (आयताकृती दिवा) द्या.

साध्या फोनसाठी गेम करत असाल तर मात्र बेकिंग शिकण्यावाचून गत्यंतर नाही.

लाइटची तीव्रता दुप्पट केली तरी पडद्यावर काही फरक दिसत नाही. उलट कॅमेरा वळवला की सीन आपोआप उजळतो किंवा काळवंडतो.

ऑटो एक्स्पोजर. तुम्ही उजेड वाढवता आणि इंजिन कॅमेरा तेवढाच मिटतं. लाइटिंग करताना ते बंदच हवं : अनरियलमध्ये पोस्ट प्रोसेस व्हॉल्यूममध्ये मीटरिंग ‘मॅन्युअल’ करा, किंवा किमान आणि कमाल ईव्ही (एक्स्पोजरचं माप) सारखे ठेवा; व्हॉल्यूम ‘अनबाउंड’ आहे ना ते बघा, नाहीतर सेटिंग फक्त त्या पेटीच्या आतच लागू होतं. युनिटीच्या एचडीआरपीत (उच्च दर्जाच्या ग्राफिक्सच्या पाइपलाइनमध्ये) एक्स्पोजरचा मोड ‘फिक्स्ड’. भर उन्हाला ईव्ही १५ च्या आसपास, दिवे लावलेल्या घराला ५ ते ७. लाइटही त्याच मापात द्या : डोक्यावरचं ऊन सुमारे १ लाख लक्स, दिव्याखालची खोली १०० ते ३०० लक्स. सूर्याला १० लक्स आणि बल्बला ५००० ल्युमेन (इथे प्रकाशाचं एकक) दिलेले सीन आमच्याकडे तपासायला येतात. त्यात आतून बाहेर जाताच सगळं कोसळतं. काम पूर्ण झालं की ऑटो एक्स्पोजर पुन्हा लावा, पण किमान-कमालमध्ये दोन-तीन स्टॉपांचंच अंतर द्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा).

स्फोट केला. आग, धूर, ठिणग्या सगळं घातलं, तरी पडद्यावर चिकटवलेल्या स्टिकरसारखा दिसतो. जोर नाही.

तुमची फाइल पाहिली. सगळे एमिटर शून्य सेकंदाला सुरू होतात आणि एकाच वेळी, दीड सेकंदाला संपतात. जोर कमी असण्याचं मुख्य कारण हेच. स्फोटाचे थर वेगवेगळ्या वेळी मेले पाहिजेत. मध्यम आकाराच्या स्फोटाला सुरुवातीचे आकडे असे घ्या :

झळक : एकच मोठा स्प्राइट (कॅमेऱ्याकडे तोंड केलेलं सपाट चित्र), ०.०५ सेकंद, म्हणजे ६० फ्रेमच्या गतीने तीन फ्रेम. तेव्हाच एक पॉइंट लाइट, पहिल्याच फ्रेमला पूर्ण तेजाने, ०.२ सेकंदात शून्य, सावली बंद.
आगीचा गोळा : ८ ते १२ स्प्राइट, आयुष्य ०.४ ते ०.६ सेकंद.
ठिणग्या : ३० ते ४०, आयुष्य ०.५ ते १.२ सेकंद, वेगाच्या दिशेने ताणलेल्या, गुरुत्वाकर्षण लावून.
जमिनीवरून पसरणारं धुळीचं वलय : ०.८ सेकंद.
धूर : १० ते १५ स्प्राइट, २ ते ४ सेकंद, आगीच्या ०.१ सेकंद मागून.

दुसरी गोष्ट वेगाची. तुमचे कण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच गतीने चालतात. खऱ्या स्फोटात हवा लगेच अडवते. सुरुवातीचा वेग भरपूर द्या, १० ते १५ मीटर प्रतिसेकंद, आणि ड्रॅग (हवेचा अडथळा) इतका लावा की बहुतेक अंतर पहिल्या ०.१५ सेकंदातच कापलं जाईल. उरलेला वेळ कण फक्त तरंगतात. आकाराची कर्व्हही तशीच : झपकन मोठा, मग हळूहळू.

तिसरी, ब्लेंडिंग. तुमची आग पूर्ण अ‍ॅडिटिव्ह आहे. अ‍ॅडिटिव्हमध्ये रंगांची बेरीज होते, त्यामुळे पाच-सहा थर चढले की केशरी जाऊन पांढरा गोळा उरतो, आणि मागे उजळ आकाश असेल तर आग दिसतच नाही. प्रीमल्टिप्लाइड अल्फा वापरा (अल्फा म्हणजे पिक्सेल किती अपारदर्शक ते सांगणारा आकडा). त्यात एकाच टेक्स्चरमध्ये पेटलेला भाग बेरजेने आणि काजळी झाकणाऱ्या रंगाने येते. गोळ्यामागे काळपट धुराचे दोन-तीन कण ठेवले तर आग लगेच उठून दिसते. गडद असेल तिथेच उजेड कळतो.

‘स्टिकर’ हा शब्द तुम्ही वापरलाय, त्याचं थेट कारण म्हणजे स्प्राइट जमिनीला छेदतो तिथली सरळ धारदार रेघ. अनरियलमध्ये मटेरियलला डेप्थ फेड (छेदाजवळ कण विरघळवणारी सोय) लावून ३० ते ५० सेंटीमीटर द्या. युनिटीत सॉफ्ट पार्टिकल्स, त्याला डेप्थ टेक्स्चर सुरू असावं लागतं. शिवाय तुमच्या धुरात प्रकाश वरून आल्यासारखा टेक्स्चरमध्येच छापलेला आहे आणि कण ० ते ३६० अंशांत कसेही फिरवलेत, म्हणून प्रत्येक ढगाला वेगळीच सावली. फिरवणं ±१५ अंशांवर आणा. विविधतेसाठी आडवं उलटवा.

फ्लिपबुकबद्दल एक. २०४८ च्या टेक्स्चरमध्ये ८×८ म्हणजे ६४ चित्रं, प्रत्येक २५६ पिक्सेलचं. पण अर्ध्या सेकंदात ६० च्या गतीने फक्त ३० फ्रेम दाखवल्या जातात. निम्मी चित्रं कोणी बघतच नाही. आगीला ६×६ पुरे. ८×८ संथ धुरासाठी राखा आणि तिथे फ्रेम ब्लेंडिंग लावा.

फोनवर धूर कॅमेऱ्याजवळ आला की गेम अडखळतो. कण तर फक्त ४० आहेत!

कणांची संख्या मोजू नका, त्यांनी व्यापलेले पिक्सेल मोजा. १९२०×१०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल. कॅमेरा धुरात शिरला आणि ४०च्या ४० स्प्राइट पडदाभर झाले, तर एका फ्रेमला सव्वाआठ कोटी वेळा पिक्सेल शेडर चालतो. अपारदर्शक वस्तूंमध्ये मागचा भाग गाळता येतो. पारदर्शक थर एकावर एक रंगवावेच लागतात. ६० फ्रेमला तुमच्याकडे १६.६ मिलिसेकंद आहेत, त्यातच सगळा गेम बसवायचाय.

आधी खात्री करा : युनिटीचा ओव्हरड्रॉ मोड (एकाच जागी किती थर रंगवले जातात ते दाखवणारा) किंवा अनरियलचं ‘शेडर कॉम्प्लेक्सिटी’ दृश्य लावून धुरात जा. मग याच क्रमाने उपाय करा. कॅमेऱ्याच्या दीड-दोन मीटरच्या आत कण विरघळवा, आणि पूर्ण विरघळलेला कण मारून टाका, कारण अल्फा शून्य असला तरी शेडर चालतोच. युनिटीच्या पार्टिकल सिस्टिमच्या रेंडरर भागात ‘मॅक्स पार्टिकल साइझ’ आहे, तो पडद्याच्या प्रमाणात असतो, ०.५ वरून खाली आणा. कण ४० चे १२ करा आणि प्रत्येकाला चांगलं फ्लिपबुक द्या. धुराचं मटेरियल अनलिट (दिव्यांचा हिशेब न करणारं) करा. चौकोनात बसवलेल्या वर्तुळाबाहेर २१ टक्के जागा रिकामी राहते, आणि धुराचं टेक्स्चर तर वर्तुळही भरत नाही. म्हणून चौकोनाऐवजी आकाराला धरून कापलेला आठ कोनांचा मेश वापरा. एवढं करूनही भागलं नाही तर पार्टिकल निम्म्या रेझोल्यूशनवर रंगवायचा विचार करा, त्याआधी नको. कडा सांभाळण्याचं वेगळं काम लागतं.

मोजमाप फोनवरच घ्या, आणि फोन दहा मिनिटं खेळून गरम झाल्यावर घ्या. थंड फोनचे आकडे दिलासा देण्यापलीकडे कामाचे नाहीत.

जीपीयूवर चालणारा धबधबा कॅमेरा थोडा वळवला की अचानक गायब होतो.

बाउंड्स. जीपीयूवरचे कण नेमके कुठे गेले ते सीपीयूला माहीत नसतं, म्हणून इंजिन तुम्ही दिलेली पेटी बघतं आणि ती दृश्याबाहेर गेली की इफेक्टच गाळतं. नायगारात एमिटरचे ‘फिक्स्ड बाउंड्स’, व्हीएफएक्स ग्राफमध्ये ‘इनिशियलाइझ’ भागातले बाउंड्स, गोडोत ‘व्हिजिबिलिटी एएबीबी’. पाणी जिथवर पोचतं तिथवरच पेटी ठेवा. कंटाळून हजार मीटरची दिलीत तर इफेक्ट कधीच गाळला जाणार नाही आणि पाठीमागे असतानाही खर्च लावेल.

विजांचा कडकडाट असलेली लेव्हल करतोय. लुकलुकणारा प्रकाश काहींना त्रासदायक ठरतो म्हणतात. मर्यादा काय?

वेबच्या सुलभतेच्या मानकांत दिलेली मर्यादा गेमलाही धरून चालावी : कोणत्याही एका सेकंदात तीनपेक्षा जास्त झळका नकोत, विशेषतः पडद्याचा मोठा भाग उजळत असेल तेव्हा. गडद लाल लुकलुक सर्वांत धोक्याची. १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये टीव्हीवरच्या एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या झगमगाटाने शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं, तेव्हा हा प्रश्न कागदोपत्री समजू नका.

वीज प्रभावी दिसायला पडदा पांढरा करावा लागत नाही. एक झळक, ०.१ सेकंदाने तिच्या निम्म्या तेजाची दुसरी, आणि मग अर्धा सेकंद विझत जाणारा आकाशाचा निळसर उजेड; एवढं पुरतं. सेटिंगमध्ये ‘झळका कमी करा’ हा पर्याय द्या आणि तो पहिल्या विजेच्या आधीच दिसेल असा ठेवा.

पानं आणि धूर यांच्या कडेला बारीक काळी किनार दिसते. फोटोशॉपमध्ये ती नाही.

पूर्ण पारदर्शक पिक्सेललाही रंग असतो, आणि तुमच्या फाइलमध्ये तो काळा आहे. इंजिन फिल्टरिंग करताना शेजारच्या पिक्सेलमधला तो काळा रंग कडेत मिसळतो. दूर गेल्यावर मिपमुळे (टेक्स्चरच्या लहान आवृत्त्यांमुळे) आणखी वाढतो. पानाचा हिरवा रंग अल्फाच्या बाहेर किमान ८ ते १६ पिक्सेल पसरवून ठेवा. युनिटीत टेक्स्चरला ‘अल्फा इज ट्रान्सपरन्सी’ लावलं की हे काम युनिटीच करतं. फ्लिपबुकमध्ये किनार चौकटीच्या सरळ कडेला दिसत असेल तर कारण वेगळं : शेजारचं चित्र आत येतंय. प्रत्येक चित्राभोवती रिकामी जागा सोडा आणि अगदी लहान मिप वापरात येऊ देऊ नका. आणि मास्क म्हणून वापरायच्या टेक्स्चरचा एसआरजीबी टिक काढलाय ना, तेही एकदा बघा. तो राहिला तर धुराच्या कडा ठरवलेल्यापेक्षा जाड किंवा पातळ होतात आणि दोष उगाच अल्फाला दिला जातो.